काय-स्क्वेअर आणि धुरपताकाकूची म्हैस

टेकचंदचं मन संशयी, हे पवनीत कोणाला सांगावं लागत नाही. चहा फिका लागला तर हा माणूस आधी चहावाल्याकडे बघणार, मग दूधवाल्याकडे, आणि शेवटी शेजारी बसलेल्याच्या कपात डोकावणार. घराला कुलूप लावायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं, आणि परत येऊन ते ओढून बघायचं. बायको होती तोवर ती म्हणायची, "तुमी वर गेल्यावर यमराजालेही ओळखपत्र मागसान."

असा माणूस धंद्यात टिकतो कसा? टिकतो बापा, मजेत टिकतो. पवनीच्या बाहेर पत्र्याच्या दोन शेडमध्ये त्याचा जनावरांच्या खाद्याचा कारखाना होता. राइस मिलमधला कोंडा, सरकीच्या ढेपेचा चुरा, मका आणि मळी मिसळायची, मशीनमधून दाबायची, की बोटाएवढ्या कांड्या पडतात. त्या पोत्यात भरायच्या आणि गावोगाव विकायच्या. या जिल्ह्यात धान काही संपत नाही, म्हणून कोंडाही संपत नाही, आणि म्हशी तर घरोघरी. धंदा बरा चालला होता.

माल विकायला दोन माणसं. धरणामुळं उठलेली आणि नव्या जागी वसलेली गोसीखुर्दकडची जी गावं आहेत, तिथं केवळराम फिरायचा. तो त्यांच्यातलाच. त्याचं जुनं घर पाण्याखाली गेलेलं, नवं घर पुनर्वसनातल्या प्लॉटवर. टेकचंदच्याच वयाचा, कारखान्याची पहिली वीट रचली तेव्हापासूनचा, त्यामुळं तो मालकाला 'टेकचंदभाऊ' म्हणायचा आणि अरे-तुरे करायचा. दुसरा माणूस वीरेंद्र, टेकचंदचा जवाई, लेक रुपाचा नवरा. लाखांदूरला राहायचा आणि तिकडची गावं सांभाळायचा. त्याच भागातलं बोरटोला हे टेकचंदचं जन्मगाव, आणि आसपासची गावंही त्याच्याच भावकीची, सोयऱ्यांची.

आता या दोघांत टेकचंद कोणावर संशय घ्यायचा, हे काय विचारायचं काम आहे? जवायावर कोणी संशय घेतं का? अख्ख्या दुनियेत तो एकच माणूस सुटला होता.

त्या उन्हाळ्यात टेकचंदला कुणकुण लागली, कुठून लागली देव जाणे, की मिलवाले आपसात ठरवून पावसाळ्यात कोंडा अडवणार आहेत. झालं! एप्रिलातच त्यानं मागची शेड कोंड्यानं गच्च भरून घेतली. वर कुलूप. किल्ली करदोड्याला. रोज सकाळी स्वतः कुलूप उघडायचं, लागतील तेवढी पोती आपणच दाराबाहेर ओढून मजुरांच्या हवाली करायची आणि पुन्हा कुलूप. मुलगा अमर मशीन बघायचा, पण शेडच्या आत पाऊल टाकायची त्यालाही मुभा नव्हती. पोटच्या पोराला नाही, मग बाकीच्यांचं काय घेऊन बसलात!

मिलवाल्यांनी काही कोंडा अडवला नाही. पण टेकचंदनं तेही मनावर घेतलं नाही. आपण भरून ठेवला म्हणूनच ते घाबरले, असं तो सांगत फिरला.

धान पिवळं पडायला लागलं तेव्हा टेकचंदच्या डोक्यात दुसऱ्या मशीनचं शिरलं. माल दुप्पट काढायचा. सून गुंजन म्हणाली, "मामाजी, मशीन घेण्याआधी गिऱ्हाईक खूश आहे का ते तर बघू." गुंजन नागपूरची, एमबीए झालेली, आणि घरात टेकचंदला उलट प्रश्न विचारायची हिंमत तिच्यातच होती. तिनं दोघा विक्रेत्यांना सांगितलं की आपापल्या गावांतल्या एकशेवीस घरी जाऊन एकच विचारा, कांडीची काही तक्रार आहे का, आणि हो की नाही एवढंच लिहून आणा. दोघांनी विचारलं. गुंजननं दोन दिवस लॅपटॉपपुढं मान घातली आणि मग सासऱ्याला ऑफिसात बोलावलं.

"केवळरामकाकांच्या अडतीस घरांनी तक्रार सांगितली," ती म्हणाली. "भाऊजींच्या सात घरांनी."

"बंद कर ते मशीन," टेकचंद म्हणाला. त्याच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, तो त्यानं इकडून तिकडं फिरवला. "मले समजलं. केवळराम काहीतरी करून राहिला."

"थांबा ना मामाजी. आकडे वेगळे दिसले म्हणून लगेच काही सिद्ध होत नाही. नुसत्या योगायोगानंही थोडंफार कमीजास्त होतं. म्हणून टेस्ट करायची असते. काय-स्क्वेअर."

"काय?"

"काय-स्क्वेअर."

"अवो बाई, तेच त मी विचारून राहिलो, काय?"

गुंजनला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "नावच तसं आहे त्याचं. हे बघा. एकूण तक्रारी पंचेचाळीस. रूट कोणाचा आहे याचा तक्रारीशी काही संबंध नसता, तर त्या दोघांत अर्ध्या-अर्ध्या वाटल्या गेल्या असत्या. तशा त्या वाटल्या गेल्या नाहीत. मग किती दूर गेल्या, ते एका आकड्यात मोजायचं. आकडा चारच्या आत आला तर योगायोग म्हणून सोडून देता येतं. आपला सव्वीस आला."

"सव्वीस!" टेकचंदनं मांडीवर थाप मारली.

मग तिनं कागदावर दोन आडव्या पट्ट्या काढून दाखवल्या. केवळरामच्या सगळ्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना विचारलं असतं, तर शेकडा तेवीस ते चाळीसच्या मध्ये कुठंतरी तक्रारवाले निघाले असते. वीरेंद्रकडे दोन ते दहाच्या मध्ये. दोन्ही पट्ट्या एकमेकींना शिवतसुद्धा नव्हत्या. "पंचाण्णव टक्के भरवसा," ती म्हणाली.

टेकचंदचे डोळे बारीक झाले. "आन उरलेले पाच कुठं गेले?"

"गेले नाहीत कुठं. अशी पट्टी शंभरदा काढली तर पाचेक वेळा चुकेल, असं आधीच कबूल करायचं असतं."

"म्हंजे तुह्या पोत्याले पाच टक्क्याचं भोक हाये."

"आहे. पण मला ते भोक माहीत आहे. तुमच्या संशयाला केवढं भोक आहे ते तुम्हाला माहीत आहे का?"

आता अशा सुनेला काय म्हणावं! पण गुंजन पुढं जे बोलली ते त्यानं कान देऊन ऐकायला हवं होतं. ती म्हणाली, "टेस्ट इतकंच सांगते की कुठंतरी गाठ आहे. ती कोणी मारली हे टेस्ट सांगत नाही. महिनाभर दोघांचे रूट बदलून बघू. भाऊजींना पुनर्वसनात पाठवू, काकांना लाखांदूरकडे."

"जवायाले पुनर्वसनात? त्या धुळीत, त्या रस्त्यानं? रुपा काय म्हणन मले?" टेकचंद उठलाच. "ते काही नाही. सव्वीस म्हंजे सव्वीस. लॅपटॉप खोटं बोलते का?"

एरवी ज्या माणसाचा घड्याळावर विश्वास नसे, त्याचा लॅपटॉपवर बसला. का बसला? त्याच्या मनात होतं तेच लॅपटॉप बोलला म्हणून. गुंजनला हे दिसत होतं आणि तिला त्याची भीती वाटत होती. पण आकडा तिनंच काढलेला, आता तो परत कसा घेणार?

त्या दिवसापासून केवळरामच्या मागं टेकचंदची नजर लागली. केवळराम हसला तर हा का हसला? गप्प राहिला तर काय लपवतो? गाडी भरताना टेकचंद स्वतः उभा राहायचा, एखादं पोतं उसवून मूठभर कांड्या नाकाशी न्यायचा. तोंडात खर्रा, नाकात त्यातल्या तंबाखूचा आणि चुन्याचा दर्प, त्याला कशाचा डोंबलाचा वास येणार? माल चांगलाच वाटायचा. म्हणजे इथून चांगला जातो आणि वाटेत बिघडतो. वाटेत कोण असतो? केवळराम.

एका दुपारी तो स्कूटर घेऊन गाडीच्या मागं गेला. धरणाकडच्या रस्त्याला एका गावाच्या तोंडाशी गाडी थांबली, तेव्हा टेकचंद मोहाच्या झाडाआड उभा राहिला. मोठा कारखानदार, आणि झाडाआड! एक बाई घरातून उघडं पोतं ओढत आणत होती आणि केवळरामला फाडफाड बोलत होती. "केवळ्या, माती खाऊ घालतं का बे आमच्या ढोराईले? वापस ने हे!" केवळरामनं ते उघडं पोतं गाडीत टाकलं, तिला दुसरं दिलं आणि पुढं निघाला. पुढच्या गावात पुन्हा तेच.

झाडाआडून टेकचंदला बाईचं बोलणं ऐकू आलं नाही, आणि गाडी आड आल्यानं पोतं कुठून आलं तेही दिसलं नाही. त्याला दिसली ती फक्त पोत्याची उसवलेली शिवण. गाडीत उघडी पोती! म्हणजे हा वाटेत पोती उघडतो, चांगला माल काढतो, भुसा भरतो आणि मग गिऱ्हाइकाच्या माथी मारतो. सगळं कसं ढळढळीत दिसलं त्याला. सव्वीसचा अर्थ लागला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मजुरांसमोर त्यानं केवळरामला उभं केलं.

"गाडीत उघडे पोते कायचे होते बे?"

"वापस आलेले," केवळराम म्हणाला. "लोक वापस करून राहिले, भाऊ. कोंड्याले वास येऊन राहिला. भादव्यापासून सांगून राहिलो तुले, पण तू आयकतच नाही."

"वास कोंड्याले नाही, तुह्या नियतीले येऊन राहिला! जवायाच्या गावात वास नाही येत, तुह्याच गावात कसा येते? सव्वीस आकडा आला हाये तुहा, सव्वीस!"

केवळरामला सव्वीस म्हणजे काय ते कळलं नाही. कळलं ते एवढंच, की इतक्या वर्षांनी याच्या तोंडून आपल्याला चोर हा शब्द आडून आला. मजूर माना खाली घालून उभे होते. अमर काहीतरी बोलायला पुढं आला, पण बापाचे डोळे बघून मागं सरला. केवळरामनं गाडीची किल्ली काढली, मशीनच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "बरं शेठजी. निघतो मी."

शेठजी! हा शब्द त्यानं पहिल्यांदाच वापरला. ऑफिसच्या दारात उभ्या गुंजनला तो खटकला. टेकचंदला मानाचा वाटला.

आता ठरलं असं, की पुनर्वसनाचा भागही वीरेंद्रच्या हाती द्यायचा आणि दुसरं मशीन घ्यायचं. त्याआधी टेकचंदला वीरेंद्रचा रूट डोळे भरून बघायचा होता. जवायाचं कौतुक ऐकायला कोणाला आवडत नाही? गुंजन म्हणाली, मीही येते. तिला कौतुक ऐकायचं नव्हतं. तिला ती सात घरं बघायची होती. एवढ्या घरांत सातच लोक नाखूश, असं दूधसुद्धा विकलं जात नाही, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

बोरटोल्यात जीप शिरली आणि गाव गोळा झालं. "जवाई आले! जवाई आले!" पाय धुवायला पाणी आलं, खाटेवर नवी चादर पडली, कोणाकडून चहा, कोणाकडून पोहे. टेकचंद या गावचा लेक, पण त्याच्याकडे कोणी बघेना, सगळे वीरेंद्रभोवती. वीरेंद्र बिचारा सरळ मनाचा माणूस. प्रत्येक घरी नेमानं विचारायचा, "काकाजी, कांडीची काही तक्रार?"

"तक्रार कायची जवाईबापू! लय मस्त हाये कांडी."

"मामीजी, म्हैस खाते ना?"

"अवो, खाते म्हंजे! दोर तोडून धावते बापा."

टेकचंदची छाती फुगत चालली. तो गुंजनकडे बघायचा, जणू म्हणायचा, घे, आता काढ पट्टी. गुंजन मात्र लोकांच्या तोंडाकडे बघत होती. 'लय मस्त' म्हणताना जो तो वीरेंद्रच्या बुटाकडे बघत होता, डोळ्यांकडे कोणी बघत नव्हतं.

शेवटचं घर धुरपताकाकूचं. ही टेकचंदची चुलती. वय झालेलं, दात पडलेले, पण जीभ शाबूत. वीरेंद्रला तिनं ओसरीवर बसवलं, सुनेला शेवया करायला लावलं आणि दहा वेळा म्हणाली की जवाईबापू, तुमची कांडी म्हंजे सोनं. वीरेंद्र शेवया खायला बसला. गुंजन हात धुवायच्या निमित्तानं मागच्या अंगणात गेली. तिथं गोठा होता. टेकचंदही तिच्या मागं गेला, कारण सून एकटी मागं कशाला गेली, असा त्याला संशय आला.

गोठ्यात एक दांडगी काळी म्हैस बांधलेली. बाजूला त्यांच्याच कारखान्याची तीन पोती, दोन तर शिवलेलीच. तिसऱ्यावर कोंबडी अंडी उबवत बसली होती. गुंजननं कोंबडीला हुसकावलं, पोत्यातून ओंजळभर कांड्या काढल्या आणि भीतभीत म्हशीपुढं धरल्या. नागपूरची पोर, तिनं म्हशीला आयुष्यात खाऊ घातलेलं नव्हतं. म्हशीनं नाक पुढं केलं, हुंगलं, आणि असा काही फुत्कार टाकला की कांड्या गुंजनच्या तोंडावर उडाल्या. मग तोंड फिरवून ती धानाचं वाळलेलं तणस चघळायला लागली.

"हिले भूक नसन," टेकचंद म्हणाला.

"भूक हाये," मागून आवाज आला. धुरपताकाकू दारात उभी होती. "अक्कलही हाये. फक्त घरात कोन आलं ते हिले मालूम नाही."

"म्हंजे?"

काकूनं आधी ओसरीकडे बघितलं. वीरेंद्र शेवयांवर होता. मग ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "भादव्यापासून शिवत नाही मेली. खवट हाये तुही कांडी, टेकचंद. साऱ्या गावाची एकच गत. कोनी ढेपीत मिसळवते, कोनी खताच्या खड्ड्यात टाकते."

टेकचंदनं ओसरीकडे बोट केलं. "मंग सांगतलं काहून नाही? जवाई घरोघरी विचारून राहिले, तक्रार हाये का, तक्रार हाये का!"

"कोनाले सांगू? जवायाले?" काकूनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू तो भर चौकात लुगडं नेसून आला होता. "तुही माय असती त थोबाडीत देली असती तुह्या. गावच्या जवायाच्या तोंडावर खोट काढाची? आपली पोरगी नांदते त्याईच्या घरी. उद्या रुपाले बोल लागन, का तुह्या गावानं मले नाव ठेवलं. जवाई आला का पोतं घ्या लागते आन मस्त हाये म्हना लागते. तुले हे सांगा लागते का? तू काय इलायतेतून आला?"

टेकचंदला हे माहीत नव्हतं का? जन्मापासून माहीत होतं. इतकं माहीत होतं की कधी डोक्यातच आलं नाही.

गुंजननं मात्र एकच विचारलं, "काकू, मग ती सात घरं कोणाची?"

"ते? ते गवळ्याईचे घरं. लाखांदूरच्या रस्त्याले बाहेरून येऊन बसले हायेत. त्याईचा कायचा जवाई!"

गुंजन पोत्यावरच बसली. "मामाजी," ती म्हणाली, "खरा आकडा अडतीसचाच होता. खोटा होता तो सातचा. तक्रारी सगळीकडे सारख्याच आहेत, फक्त काकांना लोक शिव्या देऊ शकतात आणि भाऊजींना देऊ शकत नाहीत. मी रूट, रूट करत बसले. विचारायला कोण गेलं होतं, हे मी धरलंच नाही. काय-स्क्वेअरनं गाठ बरोबर दाखवली होती हो, मीच ती भलत्या ठिकाणी वाचली." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. केवळरामकाकांचा तो 'बरं शेठजी' तिच्या कानात होता.

"खर्रा थुक आधी," धुरपताकाकू टेकचंदला म्हणाली, "आन घे वास."

टेकचंदनं खर्रा थुंकला. तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरली, परत भरली. मग कांड्या नाकाशी नेल्या. देवळातल्या जुन्या समईच्या तळाशी जसा तेलाचा वास राहतो, तसा कुबट, खवट वास. त्याला एप्रिल आठवला. पत्र्याची शेड, वरून ऊन, गच्च भरलेला कोंडा, वर कुलूप. आणि मिलवाल्यांवरचा तो संशय. मशीनपाशी मळीच्या वासात ते दबून जायचं, पण कोणाला आत येऊ दिलं असतं, तर पहिल्याच पावसात कोणीतरी नाक धरून ओरडलं असतं. कोणाला येऊ दिलं होतं त्यानं? इतके दिवस चोर शोधत होता आणि चोराच्या शेडची किल्ली स्वतःच्याच कमरेला बांधलेली होती.

तेवढ्यात वीरेंद्र हात पुसत मागं आला. सासऱ्याचा चेहरा बघून बिचकला. "काय झालं बाबूजी? माल ठीक हाये ना?"

टेकचंदनं तोंड उघडलं. खवट हाये, एवढंच सांगायचं होतं. समोर जवाई उभा, त्याच्या ओठाला शेवयाचं दूध लागलेलं.

"काही नाही जवाई," टेकचंद म्हणाला. "मस्त चालू हाये सारं."

गुंजननं कपाळावर हात मारला. धुरपताकाकूनं मात्र मान हलवली, की हां, आता कुठं शहाण्यासारखा बोलला.

दुसऱ्या दिवशी टेकचंदनं शेड उघडली ती नाक स्वच्छ ठेवून, आणि दारातूनच मागं फिरला. मशीन बंद ठेवायला त्यानं अमरला सांगितलं. मग स्कूटर काढून एकटाच पुनर्वसनात गेला. रांगेत सारखी घरं, पण केवळरामचं शोधावं लागलं नाही, दारापुढं त्याची ओळखीची म्हैस होती.

केवळराम ओसरीवर दोर वळत बसला होता. टेकचंदला बघून तो उठला. टेकचंदला वाटलं, आता हा बोलणार, तोंडाला येईल ते बोलणार, आणि तो त्यासाठीच आला होता. पण केवळराम म्हणाला, "या शेठजी. बसा." त्यानं खाट ओढली. आतून चादर मागवली, ती खाटेवर अंथरली. जमुनाबाई, त्याची बायको, डोक्यावरचा पदर सावरत पाण्याचा तांब्या घेऊन आली. ज्या घरात टेकचंद आजवर उंबऱ्यावर बसून कांदा-भाकर खाऊन गेला होता, तिथं त्याच्यासाठी चादर!

"केवळराम," तो म्हणाला, "कांडी कशी हाये रे माही?"

"मस्त हाये शेठजी."

"म्हैस खाते?"

"खाते ना. काहीच तक्रार नाही." केवळराम टेकचंदच्या बुटाकडे बघत होता. "चहा घेसान ना? जमुना, चहा ठेव शेठजीले."

हे बोलणं टेकचंदनं काल गावभर ऐकलं होतं. हीच चादर, हाच चहा, हेच 'मस्त हाये'. दुनियेत एकच माणूस त्याला तोंडावर खरं सांगणारा होता, आणि आता तोही गोड बोलायला लागला. आता आपल्याला कोण सांगणार? लॅपटॉपला सांगायलासुद्धा आधी कोणाला तरी खरं बोलावं लागतं.

"कोंडा सडला माहा," तो म्हणाला. "तू सांगत होता आन मी तुलेच चोर केलं. चार लोकाईच्या समोर केलं. मी त्याईच्याच समोर तुही माफी मांगन. शिव्या दे मले, केवळराम, पायजे तेवढ्या दे. पन शेठजी नोको म्हनू बावा. मी काही तुह्या गावचा जवाई नोहोय."

केवळरामनं खाली पडलेला दोर उचलून बाजूला ठेवला. जमुनाबाई चहाचा कप घेऊन दारातच थांबली.

"जवाई नोहोस?" त्यानं विचारलं.

"नोहोय."

"मंग ऊठ खाटेवरून, टेकचंद्या," केवळराम म्हणाला. "जमुना, चादर ने ते. आन ते शेडची किल्ली इकडं काढ. तुह्या कमरेले राहिली त उद्या पुन्हा सडवशीन."

टेकचंद उठला. सदरा वर करून करदोड्याची गाठ सोडायला लागला. जमुनाबाईनं तोंड फिरवलं आणि पदरात हसायला लागली. गाठ जुनी होती, घामानं आवळलेली, लवकर सुटत नव्हती. केवळराम हात पुढं करून उभा होता आणि म्हणत होता, "सोड, सोड. मले काही घाई नाही."